अर्थिंगचे साडेसहा हजार

मंगळवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी दिग्रसला, पुसद रोडवरच्या नव्या लेआउटमधल्या एका घरात, कोकिळाबाईंनी चहासाठी दूध काढायला फ्रीज उघडला आणि त्या फ्रीजला चिकटल्या. वय पंचावन्न. फरशी नुकतीच पुसलेली, पाय अनवाणी. मुलगा ऋतिक धावत आला, त्याने मेन स्विच पाडला, तेव्हा त्या खाली पडल्या. किती वेळ चिकटून होत्या ते नंतर कोणालाच नक्की सांगता आलं नाही. सात पस्तीसला गाडी निघाली, आधी गावातल्या डॉक्टरकडे, तिथून यवतमाळला. या घराचं विजेचं सगळं काम चौदा महिन्यांपूर्वी राजकुमार आडेने केलेलं होतं. या सकाळी तो तीस किलोमीटरवर, दारव्ह्याला, एका अर्धवट बांधलेल्या घरात निळ्या खडूने भिंतीवर फुल्या मारत होता.

एक फुली म्हणजे एक पॉइंट, बटणाची किंवा प्लगची एक जागा. पॉइंट मोजल्याशिवाय तो कधी भाव सांगत नसे. दुसरे लोक दारातूनच घराकडे बघून आकडा फेकत. राजकुमार खोलीखोलीतून फिरायचा, खिशातल्या डायरीत आकडे लिहायचा. घरमालक हिरासिंग, एसटीतून निवृत्त झालेले वाहक, त्याच्या मागे मागे चालत होते. बेडरूमच्या भिंतीवर त्याने दोन फुल्या मारल्या तसे ते थांबले. "इथं कायले दोन?" "एक दरवाजाजवळ, एक पलंगाजवळ. झोपल्यावर उठून जाणार हाव काय तुम्ही लाइट बंद करायले?" "बायको उठते न." "मंग बायकोचा पॉइंट वेगळा धरतो. तो महाग पडन." हिरासिंग हसले, राजकुमारही हसला, आणि तेवढ्यात फोन वाजला. सात पंचावन्न झाले होते. ऋतिकचा आवाज गाडीच्या आवाजात मिसळून येत होता. "काका, आईले करंट लागला. फ्रीजचा. यवतमाळले नेऊन राह्यलो." राजकुमारने विचारलं, शुद्धीवर हाय का. "नाही. श्वास हाय." मग ऋतिक म्हणाला, "फ्रीजच खराब झाला असन न, काका?" राजकुमारच्या समोर विटांची भिंत होती आणि तिच्यावर दोन निळ्या फुल्या. तो म्हणाला, "हो. फ्रीजच असन. मेन कोणी चालू करू नका." फोन बंद झाल्यावर त्याने डायरीत बघितलं. एकेचाळीस पॉइंट झाले होते. तो पुढच्या खोलीत गेला आणि मोजू लागला. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. पंचेचाळिसावी फुली मारताना खडू तुटला. आपण त्यानंतरही चार पॉइंट मोजले, हे त्याला दिवसभर आठवत राहिलं. इतर गोष्टींपेक्षा जास्त.

दिग्रसकडे निघालेल्या मोटारसायकलवर ऊन आत्ताच पाठीला लागत होतं. मे महिन्यात या रस्त्यावर नऊनंतर माणूस दिसत नाही. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी शेतं, मधे एखादं कापसाचं जिनिंग, कुलूप घातलेलं, आवारात सरकीचा वास उरलेला. फ्रीज खराब नाही हे त्याला ऋतिकचं वाक्य पुरं होण्याआधीच कळलं होतं. फ्रीज कोणता, कोणत्या प्लगला, त्या प्लगमागे कोणती वायर, ती कुठून कुठे जाते, हे सगळं त्याच्या हातांनी केलेलं होतं आणि हात विसरत नाहीत. त्या घरात प्रत्येक तीन पिनी प्लगातून एक हिरवी वायर निघते. फ्रीजची, कूलरची, वॉशिंग मशीनची, गीझरची. सगळ्या हिरव्या वायरी भिंतीतून फिरत मेन बोर्डात एका पितळी पट्टीवर एकत्र येतात. त्या पट्टीवरून एक जाड हिरवी वायर मागच्या भिंतीतून बाहेर पडते आणि जमिनीत जाते. तिथे सहा फुटांचा खड्डा, त्यात पाइप, पाइपभोवती मीठ आणि कोळसा. कुठल्या यंत्राच्या पत्र्यात करंट उतरला तर तो या वाटेने मातीत जातो, माणसाच्या अंगातून नाही. त्यालाच अर्थिंग म्हणतात. आणि ती जाड हिरवी वायर मागच्या भिंतीतून बाहेर पडून वीतभर लोंबत होती. तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली होती. खाली खड्डा नव्हता.

हिरव्या वायरी मुळीच नसत्या तर बरं झालं असतं, हे त्याला दिग्रसच्या अलीकडे, फाट्यावरच्या बंद रसवंतीजवळ पहिल्यांदा नीट शब्दांत सुचलं. वायरी नसत्या तर ज्या यंत्रात बिघाड त्याच यंत्राला झटका राहिला असता. त्याने मात्र सगळी यंत्रं एकमेकांना जोडून ठेवली आणि जमिनीशी जोडली नाहीत. हॉलमध्ये एकाच्या पत्र्यात करंट उतरला तर स्वयंपाकघरातल्या दुसऱ्याच्या पत्र्यात तो जाऊन बसणार. बाई एका गोष्टीला हात लावणार आणि दोष दुसऱ्याच गोष्टीत असणार. अर्धं काम हे बिनकामापेक्षा वाईट, असं काही त्याला कोणी शिकवलं होतं का? शिकवणारे एकच होते, यवतमाळचे सदाशिवराव. त्यांच्या हाताखाली त्याने नऊ वर्षं काढली. ते ठेकेदारीच्या गोष्टी जेवणाच्या डब्यावर सांगत. भाव सांगताना आकडा सांगून गप्प बसायचं. जो आधी बोलला तो हरला. आणि घराचा शेवटचा एक तुकडा आपल्या हाती ठेवायचा. ते स्वतः पाण्याच्या मोटरचा स्टार्टर घरी घेऊन जात. "टाकी रिकामी झाली का मालकीणच मालकाच्या खिशात हात घालते, राजकुमार. आपल्याले तोंड उचकटाचं कामच नाही." हे त्याला शब्दाशब्दाने आठवत होतं. त्यापुढे ते आणखी काही म्हणाले होते असंही वाटत होतं. दिसणारी गोष्ट अडव, न दिसणारी अडवू नको. हे सदाशिवराव म्हणाले होते, की आज आपणच त्यांच्या तोंडी घालतो आहोत? त्याने डबा आठवला, त्यातली ज्वारीची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा, त्यांचं तुटलेलं चष्म्याचं दांडकं. वाक्य काही नक्की सापडलं नाही. सदाशिवराव जाऊन सहा वर्षं झाली होती.

भगवानरावांनी, म्हणजे कोकिळाबाईंच्या नवऱ्याने, भाव करताना एक कागद मांडीवर घेतला होता आणि पेन हातात. गावाकडे तेवीस एकर, कापूस आणि तूर. ऋतिकच्या शिक्षणासाठी तालुक्याला घर. माणूस लबाड नव्हता. पहिली ओळ, पॉइंटला अकराशे, मालासकट. "चालते." मग एक ओळ होती, गळती पकडणाऱ्या स्विचची, सत्तावीसशे. करंट जरा जरी भलतीकडे गेला की हे स्विच आपोआप पडतं. "पडते म्हणजे? घरात अंधार?" "थोडा वेळ, भाऊ." "मंग पैसे देऊन अंधार कायले घेऊ?" त्यांनी ती ओळ खोडली. त्याखाली अर्थिंग, साडेसहा हजार. "मीठ न् कोळसा जमिनीत पुराचे साडेसहा हजार? लोणचं घालून राह्यला का भुईचं?" राजकुमार म्हणाला, हे खोडाचं नाही, भाऊ. हे खोडलं त मी काम घेत नाही. हे तो म्हणाला होता. मोठ्याने म्हणाला होता, कोकिळाबाई समोर होत्या, त्यांनीच नवऱ्याला म्हटलं होतं, "राहू द्या, भाऊ जाणते हायेत." ओळ राहिली. आज ती आठवण त्याला क्षणभर गार वाऱ्यासारखी लागली. ते स्विच त्यांनीच खोडलं, ते असतं तर झटका लागताक्षणी पडलं असतं. गाडी गावात शिरत होती. मग त्याला स्वतःच्या त्या बरं वाटण्याचीच किळस आली आणि त्याने गिअर बदलला.

भांडण पॉइंटच्या मोजणीवर झालं. राजकुमारचे अडुसष्ट, भगवानरावांचे बासष्ट. जिन्याचा दिवा खालून लावता येतो आणि वरून बंद करता येतो. असे सहा दिवे होते. "बलब एक, त पॉइंट एक," भगवानराव म्हणाले. "बलब एक हाय, भाऊ, पण बटनं दोन हायेत. वायर दोनदा फिरते." "मी वायरचे पैसे देऊन राह्यलो का उजेडाचे?" सहा पॉइंटचे सहासष्टशे आणि अर्थिंगचे साडेसहा हजार, मिळून तेरा हजार शंभर बाकी राहिले. खड्डा खणायचा होता तेवढ्यात वास्तुशांतीची तारीख आली. मीटर हवं होतं, मीटरसाठी टेस्ट रिपोर्ट हवा होता, आणि टेस्ट रिपोर्टवर परवानाधारकाची सही. रिपोर्टात एक रकाना असतो, अर्थिंगचा रोध किती ते लिहायचा. जो खड्डा आठ दिवसांनी होणार होता त्याचं माप त्याने आधीच लिहून टाकलं: दोन पूर्णांक चार ओहम. गोल आकडा लिहिला असता तर खोटा वाटला असता, म्हणून चार. खाली स्वतःची सही, स्वतःचा परवाना क्रमांक.

सदाशिवरावांच्या शिकवणीप्रमाणे त्याने मोटरचा स्टार्टर अडवायला हवा होता. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी तो पिशवीत घातलाही होता. कोकिळाबाई ओल्या हातांनी बाहेर आल्या, म्हणाल्या, "भाऊ, तेवढी मोटर चालू करून देजा. दोनशे पान हाय उद्या." त्याने पिशवीतून स्टार्टर काढला आणि बसवला. दुसऱ्या दिवशी मंडपात गवंड्याचा, सुताराचा आणि त्याचा सत्कार झाला. दुपट्टा, नारळ, शर्टाचं कापड. भगवानराव माइकवर म्हणाले, आडेसाहेबांनी घरात उजेड केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्याच्या हातचा नारळ चारचौघांत घेतला त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी तेरा हजार कसे मागायचे? त्याने महिना जाऊ दिला. मग गेला. कोकिळाबाईंनी पोहे केले. पुन्हा गेला तेव्हा उसाचा रस, पुढे एकदा पुरणपोळी. भगवानराव म्हणत, "राजकुमार, थोडे राहू द्यावं. पैसे राह्यले का माणूस परत येते." ते हसून म्हणत, आणि खरंच तसं मानत, गवंड्याचेही त्यांनी राखले होते. सातव्या की आठव्या खेपेनंतर राजकुमार घरातून निघताना मागच्या अंगणात गेला, कढीपत्त्याच्या झाडामागे लोंबणारी हिरवी वायर बघितली, तिच्या टोकाला टेप गुंडाळली. त्याच्या मनात हिशेब स्वच्छ होता. अर्थिंग केलं नाही, म्हणजे त्याचे साडेसहा हजार आपले नाहीत. आपले फक्त सहासष्टशे. आपण कोणाचा पैसाही जास्त मागत नाही. ज्या दिवशी ते मोजणी मान्य करतील त्या दिवशी खड्डा खणू. मोटर अडवली असती तर पहिल्याच दिवशी आरडाओरड झाली असती. हे अडवलं आहे हे कोणालाच कळलं नाही. न कळणाऱ्या गोष्टीने कोणावर दाब येत नाही, एवढं साधं त्याच्या चौदा महिने लक्षात आलं नाही. की आलं होतं?

नऊला तो भगवानरावांच्या घरी पोचला. किल्ली शेजारच्या हंसाबाईंकडे होती. त्या मागोमाग आल्या, पदराने वारा घेत. "त्या फ्रीजले भंगारात द्या म्हणा, भाऊ. हप्त्यावर घेतलेली वस्तू अशीच निघते." स्वयंपाकघरात दुधाचं पातेलं उपडं पडलेलं होतं, दूध वाळून फरशीवर पिवळी कड आली होती, माशा बसल्या होत्या. एक हिरवी बांगडी फुटलेली. फ्रीजचं दार उघडंच. मेन बंद होता. राजकुमारने तपासणीचं मीटर काढून फ्रीज तपासला, निर्दोष. मग तो हॉलमध्ये गेला. खिडकीत लोखंडी कूलर, आत वाळ्याचा वास अजून ओला. पाण्याच्या पंपाची वायर पत्र्याच्या कडेवरून गेली होती आणि घासून घासून तिचं तांबं उघडं पडलं होतं. पत्र्याला टेकलेलं. रात्रभर कूलर चालू असणार, थंड हवा देत. कूलरपासून फ्रीजपर्यंत चौदा पावलं. ती त्याने चालून बघितली. "काय झालं, भाऊ?" हंसाबाईंनी विचारलं. "काई नाही. पाहून राह्यलो." "सकाळी तिनं मले हाक मारली होती कुंपणावरून. म्हणे कैऱ्या आल्या, लोणच्याले ये आज." त्यांनी तोंडाला पदर लावला. राजकुमारने कूलरचा प्लग काढला आणि वायर हातात गुंडाळत राहिला, गुंडाळून झाली तरी.

दहा वाजून पाच मिनिटांनी ऋतिकचा दुसरा फोन आला. आईला अतिदक्षता विभागात ठेवलंय. दवाखान्यात पोलिसांनी लिहून घेतलं. उद्या सकाळी अकरा वाजता विजेचे साहेब घर पाहायला येणार. "काका, तुम्ही हजर राह्यजा. आमाले त्यातलं काही समजत नाही. तुम्ही हाये त बरं." राजकुमार म्हणाला, "येतो."

बाजारात त्याने दोन गोण्या खडे मीठ घेतलं, एक पोतं कोळसा, एक पाइप. किराणावाल्याने गोण्या गाडीला बांधता बांधता विचारलं, "आडेभाऊ, एवढं मीठ? पूर्ण तांड्याचं लोणचं घालून राह्यले का?" दुकानातले दोघं हसले. राजकुमारनेही दात दाखवले. मीठ बघितलं की त्याला बाप आठवे. डोंगरसिंग त्यांचं नाव, लमाणांच्या वस्तीतले, तांड्यावरचे; त्यांच्या आज्याच्या आज्याने बैलांवर मीठ लादून देशभर नेलं होतं. लमाण म्हणतात ते लवणावरूनच, म्हणजे मिठावरूनच, असं ते प्रत्येकाला सांगत. मुलगा मीठ जमिनीत पुरतो हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांनी विडी विझवली. "आपल्या लोकायनं खडा खडा मोजून दिला, कमी नाही, जास्ती नाही. अन् तू मातीले खाऊ घालून राह्यला?" राजकुमारने समजावलं, बापू, मिठानं ओल धरते, करंट आत जाते, माणूस वाचते. आई रुपीबाई चुलीजवळून म्हणाली, "माणूस वाचते त टाक न मंग भरपूर." तांड्यात वीज आली त्या वर्षी ती बटण काठीने दाबायची. दोन वर्षं काठीने. सगळे हसायचे, तोही हसायचा.

अकराला त्याने कढीपत्त्यामागे लोखंडी सब्बल मारून खणायला सुरुवात केली. वर काळी माती, भेगा पडलेली, दगडासारखी. दोन फुटांखाली मुरूम. एरवी खड्ड्यासाठी तो रोजंदारीचा माणूस लावत असे, पण आज कोणाला बोलवायचं आणि काय सांगायचं? रिकामं घर आहे, त्या घरात लोक परत येणार आहेत, त्याआधी अर्थिंग झालं पाहिजे. हे खरं होतं. उद्या अकराला साहेब येऊन हिरव्या वायरीचं टोक बघणार, टेस्ट रिपोर्टवरचे दोन पूर्णांक चार बघणार, त्याआधी अर्थिंग झालं पाहिजे. हेही खरं होतं. दोन्हीसाठी सब्बल तीच, घाम तोच. त्याने दोन्ही वेगळं करून बघायचा प्रयत्न केला. पहिल्या फुटाला वाटलं पहिल्यासाठी खणतोय. दुसऱ्याला नाही वाटलं. ताजी माती साहेबाला दिसेल, हा विचार आला आणि वर पालापाचोळा कसा पसरायचा हेही त्याने ठरवून टाकलं, आणि मग सब्बल टेकवून तो बराच वेळ उभा राहिला. तीनच्या सुमारास हंसाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "हे काय खणून राह्यले?" "अर्थिंग." "ते नोहतं का?" तो पाणी प्यायला, तांब्या पूर्ण रिकामा होईपर्यंत. मग म्हणाला, "नोहतं." हंसाबाईंनी मान हलवली. त्यांना त्याचा अर्थ कळला नव्हता. "मंग आता करून टाका," त्या म्हणाल्या. घरून बायको शीलाचा फोन येऊन गेला होता, तीनदा. त्याने उचलला नाही.

चार वाजून बावन्न मिनिटांनी फोन खिशात थरथरला. भगवानरावांकडून तेरा हजार शंभर रुपये जमा. त्याने मातीने भरलेल्या अंगठ्याने फोनचा पडदा पुसला आणि पुन्हा वाचलं. आकडा बरोबर होता. खाली काही लिहिलेलं नव्हतं. खड्ड्यात तो कमरेपर्यंत, वाकून उभा होता. कढीपत्त्याच्या मुळ्या डोळ्यांसमोर कापलेल्या लोंबत होत्या आणि त्यांचा वास येत होता, पोह्यांचा. सहासष्टशे आपले. उरलेले साडेसहा हजार ज्या गोष्टीचे आहेत ती अजून झालेली नाही.

पाच वीसला त्याने स्वतः ऋतिकला फोन लावला. "वहिनी कशा हायेत?" "डोळे नाही उघडले. डॉक्टर म्हणते बहात्तर तास काही सांगू शकत नाही." मागे कुठेतरी कोणाचं तरी नाव पुकारलं जात होतं. "काका, पैसे भेटले न? बाबांनी आज सगळ्यायचे देऊन टाकले. मिस्त्रीचे, दूधवाल्याचे, तुमचे. बेंचवर बसून एकेकाचे टाकून राह्यले. म्हणे, तिच्या अंगावर कोणाचं काही राहू नये." "तुमचे पॉइंट अडुसष्टच धरले, म्हणे आईचं पहिल्यापासून हेच म्हणणं होतं. अन् अर्थिंगचे साडेसहा. हिशेब बरोबर हाय न?" हेच विचारायला तो आठ वेळा या घरी आला होता आणि पोहे खाऊन परत गेला होता. "ऋतिक," तो म्हणाला. "हं, काका." "हिशेब मी उद्या सांगतो. साहेब याच्या आधी. तुले न् भाऊले. तू आईजवळ राह्य." "ठीक हाय," ऋतिक म्हणाला, आणि मग, "फ्रीजच होता न?" राजकुमारने म्हटलं, "उद्या सांगतो."

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी खड्डा सहा फुटांपैकी चार फूट दोन इंच झाला होता. मिठाच्या दोन्ही गोण्या भिंतीला टेकून होत्या, तोंडं शिवलेली. कोळशाचं पोतं उघडलं नव्हतं. मागच्या भिंतीतून बाहेर आलेली हिरवी वायर वीतभरच होती आणि तिच्या टोकाची टेप त्याने काढली नव्हती. यवतमाळहून त्यानंतर फोन आलेला नव्हता.